तळघराची दहा फुटी काँक्रीटची भिंत: एका दमात की चार-चार फुटांनी?

घरकुल
नमस्कार मंडळी. पौडच्या पुढे उताराच्या प्लॉटवर घर बांधायला घेतलंय. घर तसं मोठं आहे. वर दोन मजले, आणि डोंगराच्या बाजूने जमिनीत शिरलेला खालचा मजला. तिथे गाड्या, पाण्याची टाकी आणि एक खोली येणार. त्यामुळे तीन बाजूंना मातीचा भार पेलणारी आरसीसी भिंत लागतेय. मागची ५० फूट, बाजूच्या दोन प्रत्येकी ३० फूट, उंची १० फूट, जाडी १० इंच. चौथी बाजू उताराकडे मोकळी. खोदाई झाली, मुरमाखाली काळा दगड लागला, पीसीसीही (पायाखालचा साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा थर) झालंय.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "मॅडम, चार फूट, चार फूट, दोन फूट अशी चढवू, सगळे असंच करतात." स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणतात, आडवे सांधे नकोत, आरएमसी (प्लांटमधून गाडीने येणारं तयार काँक्रीट) मागवा आणि एका दिवसात भरून मोकळे व्हा. त्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा प्लेटांचा साचा) फुटलं तर माझी जबाबदारी नाही. आर्किटेक्ट दोघांकडे बघून हसतात आणि टाइल्सचे नमुने दाखवतात. मिरगाच्या आत खालचा स्लॅब पडून मागची भरणी व्हायला हवी. तुमच्यापैकी कोणी अशी भिंत बांधली असेल तर सांगा, नक्की काय करावं?

हेमाडपंत
आमच्याकडे या. दगडावर दगड, सिमेंट नको, सेंट्रिंग नको, आठशे वर्षांची गॅरंटी. फक्त आर्किटेक्ट थोडा जुना आहे.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी आमचीही हीच पाळी आहे.

सातारी_कंदी
चार फुटांनीच करा. आमच्या गावाकडच्या घराची भिंत तशीच झाली, काही झालं नाही. आरएमसीवाले पाणी घालून पातळ रस्सा आणतात. साइटवर हॉपर (मिक्सर मशीन) लावून डोळ्यांसमोर माल केलेला बरा.

नीडल
@सातारी_कंदी, तुमच्या भिंतीमागे माती किती उंच आहे? आणि पावसाळ्यात आतल्या बाजूला चार फुटांवर ओलीची आडवी रेघ उमटते का, ते खरं सांगा. :)

मी साइट इंजिनिअर आहे, बेसमेंटच्या भिंतीच जास्त केल्यात. हॉपरच्या मालाबद्दल बोलायचं तर आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) नुसार जमिनीखालच्या आरसीसीला किमान एम २५ ताकदीचं काँक्रीट लागतं. एम २० पर्यंतच ठरीव प्रमाणाने माल करता येतो, आणि त्यातही ५० किलोच्या गोणीला ३० लिटरच्या वर पाणी नको. मिक्सरवरचा माणूस पाणी कशाने मोजतो? बादलीने. आणि बादली केवढी? हाताला येईल ती. आरएमसीची गाडी आली की चलनावरची वेळ बघा, स्लम्प (माल किती पातळ आहे ते मोजायची चाचणी) घ्या. माल पातळ असेल तर गाडी परत पाठवायचा अधिकार तुमचा आहे. हॉपरला परत कुठे पाठवणार?

सातारी_कंदी
रेघ आहे. पण ती रंगाने झाकली जाते. :D

रेतीवाला_अण्णा
घरकुलताई, मी वीस वर्षं सेंट्रिंगची कामं घेतली, आता मुलगा बघतो. तुमचा कॉन्ट्रॅक्टर चार फूट का म्हणतोय त्याचा हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं भांडण सोपं जाईल. तुमची भिंत ११० फूट. दोन्ही अंगांनी १० फूट उंच धरली तर २२०० चौरस फूट सेंट्रिंग. ३ बाय २ ची प्लेट म्हणजे ६ चौरस फूट, म्हणजे साडेतीनशेच्या वर प्लेटा एकाच वेळी उभ्या लागतात. चार फुटांनी गेलं की ८८० चौरस फूट, दीडशेच्या आत काम भागतं. आता त्याच्या गोडाऊनला जा आणि प्लेटा मोजा. दीडशेच्या आसपास असतील, पैजेवर सांगतो.

तो खोटं बोलत नाही, पण सगळंही सांगत नाही. जास्तीच्या प्लेटा भाड्याने मिळतात. ते भाडं कोणी द्यायचं, एवढाच खरा वाद.

घरकुल
अण्णा, दंडवत घ्या! आजच फोन केला. "एकशे साठ आहेत, त्यातल्या काही जरा वाकड्या."

हेमाडपंत
वाकड्या प्लेटा गोल जिन्याला वापरा.

निवृत्त_पाटबंधारे
पाटबंधारे खात्यात उभी नोकरी झाली, म्हणून थोडं लांबण लावतो.

सांधा म्हणजे पाप, असं इंजिनिअर मंडळींच्या मनात बसलेलं असतं. कुठलंही मोठं धरण एका दमात झालेलं नाही. कोयनेचं रबल काँक्रीटचं धरण १०३ मीटर उंच, तेही थरांनीच चढलं. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या भूकंपात त्याला तडे गेले. ते प्रामुख्याने वर जिथे धरणाचा उतार एकदम बदलतो तिथे गेले, कारण ताण तिथे एकवटला. तेव्हा सांधा आहे की नाही यापेक्षा तो कुठे आहे आणि कसा केलाय हे बघावं. सांधा घ्यायचाच तर आदल्या थराच्या डोक्यावरची साय (वर आलेला सिमेंटचा कच्चा पापुद्रा) छिन्नीने किंवा तारेच्या ब्रशने काढायची, खडी उघडी पाडायची, धुवायचं, मध्यावर वॉटरस्टॉप (सांध्यातून पाणी अडवणारी पट्टी) बसवायचा. हे सगळं दहा इंचांच्या फटीत, सळईच्या दोन जाळ्यांच्या मधे, चार फूट खोल हात घालून करावं लागतं. कागदावर सगळे करतात.

पण तुमच्या धाग्यात एक प्रश्न कोणीच विचारला नाही. ही भिंत वरच्या बाजूला मोकळी आहे की खालच्या मजल्याचा स्लॅब तिला डोक्याशी धरून ठेवतो? डिझाइन स्लॅबचा आधार धरून केलं असेल, तर स्लॅब पडून त्याला ताकद येईपर्यंत मागे मातीची एक पाटीही टाकू नका. अशी डोक्याशी आधार असलेल्या भिंतीत मुख्य सळई मध्यावर आतल्या अंगाला असते. नुसत्या तळाशी धरलेल्या भिंतीत ती मातीच्या अंगाला, तळाशी असते. म्हणजे स्लॅबच्या आधी भरणी केली, की भिंत जिथे ताणली जाईल नेमकी तिथेच लोखंड कमी. बांधकामाचा राडारोडा नजरेआड करायला पोकलेनवाला संध्याकाळी मागे ढकलून देतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

घरकुल
काका, ड्रॉइंग पाहिलं. स्लॅबचा आधार धरलाय. आणि पोकलेनवाला कालच विचारत होता, "मागं लोटू का?" त्याला आत्ता निरोप पाठवला.

ओंटारियोत_मराठी
काकांना १००% अनुमोदन. इथे थंडीत जमीन गोठते, त्यामुळे पाया निदान चार फूट खाली न्यावाच लागतो, आणि एवढं खणलंच आहे तर बेसमेंट करा, असा सगळा मामला. साध्या घरांच्या भिंती आठ इंची, आणि कित्येकदा त्यांत सळई जवळजवळ नसतेच. अॅल्युमिनियमचे साचे ट्रकमधून येतात, सकाळी उभे राहतात, काँक्रीट पडतं, दुसऱ्या दिवशी साचे पुढच्या घरी. आडवा सांधा म्हणून काही नसतो. पण वरच्या मजल्याचे वासे बसल्याशिवाय मागची माती भरायची नाही, हा नियम कडक. आमच्या गल्लीत एकाने घाई केली, तर भिंत मधोमध आत फुगली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा तडा.

अवांतर: साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणारे टाय जिथून आरपार जातात, तिथून पाणी झिरपणं हा इथला घरोघरचा आजार आहे.

कोकणी_चिरा
आमच्याकडे चिऱ्याचं जोतं, चिऱ्याच्या भिंती, पाऊस तुमच्यापेक्षा जास्त. तळघर? कशाला? पावसात विहीर दाराशी येते, अजून जमिनीत काय शिरायचं.

रेतीवाला_अण्णा
@ओंटारियोत_मराठी, तो आजार इथेही आहे. आपल्याकडे बोल्टावर पीव्हीसीचा पाइप चढवतात, म्हणजे बोल्ट ओढून पुन्हा वापरता येतो. पाइप भिंतीत राहतो. नंतर कोणीतरी त्याच्या तोंडाला नुसतं सिमेंट फासतं, आणि दर दोन फुटांवर एक नळ तयार. पाइप उकरून काढा, भोक पूर्ण लांबीला नॉन-श्रिंक ग्राउटने (सुकताना न आकसणाऱ्या सिमेंटच्या मालाने) भरा, मग वॉटरप्रूफिंग. हे रेटमध्ये आधी लिहून घ्या, नाहीतर "ते आमच्यात येत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा.

गौरी_प
वॉटरप्रूफिंग बाहेरून का आतून? मुंबईत सासरच्या जुन्या इमारतीला शहाबादी फरश्यांचं बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराला बाहेरून फरश्यांची पेटी) आहे, अजून थेंब नाही.

नीडल
बाहेरूनच. पाणी ज्या बाजूने येतं त्याच बाजूला अडवायचं. आतून केलं तर पाण्याचा दाब थराला भिंतीपासून सोलत राहतो. शहाबादीचं बॉक्स चांगलंच, पण खोदाईत बाहेरच्या बाजूला माणसाला उभं राहायला जागा हवी. भिंतीच्या बाहेर निदान तीन फूट मोकळं ठेवलंय का, घरकुल?

निवृत्त_पाटबंधारे
वॉटरप्रूफिंगच्या आधी पाणी वाहून जाण्याचं बोला. ढोबळ आकडे देतो. तीन मीटर उंच भिंतीमागे कोरडा मुरूम असेल, तर दर मीटर लांबीला सुमारे पावणेतीन टनांचा रेटा. त्याच मुरमात वरपर्यंत पाणी तुंबलं तर पाण्याचाच साडेचार टन, आणि भिजल्या मुरमाचा दीड टन, एकूण सहा टन. दुपटीपेक्षा जास्त. तुमच्या डोक्याशी धरलेल्या भिंतीवर खरा रेटा याहून जास्तच येतो, कारण ती हलून माती सैल होऊ देत नाही. मुळशीतल्या पावसाला मी ओळखतो. हा जोर काँक्रीटचा ग्रेड वाढवून रोखत बसण्यात शहाणपण नाही.

तुमचा प्लॉट उताराचा आहे, हे तुमचं भाग्य. भिंतीच्या तळाशी, मागच्या बाजूला, भोकांचा पाइप जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळून खडीत ठेवा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना वळसा घालून तो उताराकडे उघड्यावर सोडा. पंप नको, वीज नको. भिंतीलगत फूटभर जाडीची खडीची उभी पट्टी वरपर्यंत न्या. खोदलेली काळी माती असेल तर ती मागे भरू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि भिंतीला आणखी दाब देते. मुरूम भरा, थराथराने दाबा, आणि भिंतीलगत मोठा रोलर आणू नका.

वाचनमात्र
हा धागा छापून साइटवर लावतो.

सातारी_कंदी
काका, सगळं पटलं, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला. एका दमात की थरांनी?

नीडल
तेच लिहायला आले. दहा फूट ओलं काँक्रीट एकदम भरलं, तर तळाशी दाब दर चौरस मीटरला साडेसात टनांपर्यंत जाऊ शकतो. अगदी तळच्या एका ३ बाय २ च्या प्लेटवर पावणेचार टनांच्या आसपास. चार फुटांच्या थरात तीच प्लेट सव्वा टनावर सुटते. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरची भीती खोटी नाही. दोन-दोन फुटांवर बोल्ट धरले तर तळच्या एकेका बोल्टवर अडीच टन. बाइंडिंग वायरच्या पिळावर हे पेलत नाही.

एका साइटवर मी सेंट्रिंग सुटताना पाहिलंय. बाहेरचे टेकू सैल मुरमात नुसते रोवले होते, खाली फळी नव्हती. आधी प्लेटांच्या सांध्यातून राखाडी पाण्याची बारीक धार आली. सुताराने तिथे कागद कोंबला. मग तळाशी एक बोल्ट टक्‌कन वाजला. मिस्त्री ओरडला, "नीडल (माल दाबून बसवणारं व्हायब्रेटर) बंद करा!" पण तोवर खालच्या दोन प्लेटा दार उघडावं तशा बाहेर आल्या आणि माल घोट्यापर्यंत साचला. माणसं वेळेत बाजूला झाली, एवढंच नशीब. बाकी दिवसभर फावड्याने काँक्रीट ओढत होतो.

आता माझा सल्ला. भिंत आडवी कापू नका, उभी कापा. आधी मागची ५० फुटांची पूर्ण उंचीने भरा. मग एक बाजू, मग दुसरी. ५० फुटांना १००० चौरस फूट, म्हणजे १६७ प्लेटा. कॉन्ट्रॅक्टरकडे १६० आहेत. वाकड्या बाजूला काढा, थोड्या भाड्याने आणा. उभा सांधा नेमक्या कोपऱ्यावर घेऊ नका, कोपरा मागच्या भिंतीबरोबर एकसंध भरा आणि बाजूच्या भिंतीत तीन-चार फूट आत गेल्यावर थांबा. तेवढ्या प्लेटा आणखी लागतील. सांध्यात नऊ इंची पीव्हीसी वॉटरस्टॉप, आणि तो दोन्ही बाजूंनी सळईला तारेने ताणून बांधा. न बांधलेला वॉटरस्टॉप माल पडताना दुमडतो आणि त्याच्यामागे पोकळी राहते, जी कोणाला दिसत नाही.

तळाचा एक आडवा सांधा राहणारच. तिथे फूटिंगबरोबरच (पायाबरोबरच) सहा इंची किकर, म्हणजे भिंतीचा तळचा बुटका भाग, भरून घ्या, म्हणजे सेंट्रिंगला सरळ धार मिळते.

घरकुल
हे कोणीच सुचवलं नव्हतं! इंजिनिअर सरांना विचारते.

निवृत्त_पाटबंधारे
@नीडल, कल्पना चांगली, पण एक मेख आहे. अख्खी ११० फूट भिंत भरताना ६ घनमीटरची एक गाडी माल सव्वादोन फूट चढवते. तुकडा ५० फुटांचा केला, की तीच गाडी पाच फूट चढवते. पंपवाल्याला घाई असते, दोन गाड्या पाठोपाठ लागल्या तर तासाभरात तुम्ही माथ्यावर. खालचा माल घट्ट व्हायला अवधीच नाही, म्हणजे तळाला पूर्ण दाब. सेंट्रिंग पूर्ण दाबालाच डिझाइन करा, आणि तरीही हळू भरा.

नीडल
काका, अगदी बरोबर. म्हणून एका टोकाला ढीग करायचा नाही. दीड फुटाचा थर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्या टोकाशी. नीडल खालच्या थरात चार-सहा इंच जायला हवी, तरच दोन थर एक होतात. आणखी दोन गोष्टी. काँक्रीट दीड मीटरपेक्षा उंचावरून सोडू नये. सोडलं तर खडी सळईवर आपटून खाली आणि चिकट भाग वर, तळाशी हमखास मधमाशीचं पोळं, म्हणजे पोकळ भोकाभोकांचं काँक्रीट. पंपाचा पाच इंची होज तुमच्या दोन जाळ्यांमध्ये शिरणार नाही, म्हणून पाच फुटांवर आतल्या अंगाच्या काही प्लेटा खिडकीसारख्या उघड्या ठेवून तिथून अर्धी भिंत भरा, मग त्या बंद करा.

रेतीवाला_अण्णा
खिडकीच्या प्लेटा कोण, किती वेळात बंद करणार हे आधी ठरवा. ऐनवेळी पाना सापडत नाही. कव्हर ब्लॉक (सळई प्लेटेपासून दूर ठेवणारे ठोकळे) काँक्रीटचेच घ्या, पोरं खडीचा किंवा फरशीचा तुकडा सारतात. प्लेटांना जळकं ऑइल नको, भिंत काळी पडते आणि पुढे वॉटरप्रूफिंग धरत नाही. आणि माल पडत असताना ओळंबा लावून एक माणूस फक्त तेवढंच बघत बसवा. ओलं असताना जॅक अर्धा आटा फिरवला की भिंत सरळ. दुसऱ्या दिवशी ब्रेकर लागतो.

हेमाडपंत
एक माणूस ओळंब्यावर, एक पान्यावर, एक पोकलेनवाल्यावर. घरकुलताई, घरात पाहुण्यांना बोलवा, माणसं कमी पडताहेत.

गौरी_प
प्लेटा कधी काढायच्या?

नीडल
उभ्या बाजूंच्या १६ ते २४ तासांनी काढता येतात. पण भिंतीला आतून दिलेले टेकू लगेच हलवायचे नाहीत. आणि प्लेटा निघाल्या की उघड्या भिंतीवर पाणी टिकत नाही. गोणपाट लटकवा, वर भोकांचा पाइप फिरवा आणि सतत ओलं ठेवा. हल्ली गोणीत बहुतेक पीपीसीच (फ्लाय अॅश मिसळलेलं सिमेंट) येतं, त्याला किमान दहा दिवस, चौदा केले तर उत्तम. "सकाळ-संध्याकाळ पाणी मारतो" म्हणजे दुपारी मारत नाही.

घरकुल
अपडेट: इंजिनिअर सरांनी उभे तुकडे मान्य केले, कोपऱ्यापासून चार फुटांवर सांधा दाखवून ड्रॉइंग बदलून दिलं. बोल्टांचं अंतर तळच्या चार फुटांत कमी केलंय. जादा प्लेटांचं भाडं मी देतेय, ग्राउटिंग कॉन्ट्रॅक्टर करतोय, दोन्ही लिहून घेतलं. पोकलेन साइटवरून हलवला. पुढच्या शनिवारी मागची भिंत. प्लांट पिरंगुटच्या बाजूला आहे, एरवी अर्धा तास लागतो.

निवृत्त_पाटबंधारे
छान. गाडीत माल भरल्यापासून दोन तासांत तो संपायला हवा, हे प्लांटला आधी सांगा. दुसरी गाडी पहिली अर्धी रिकामी झाल्यावरच भरायला लावा.

रेतीवाला_अण्णा
शनिवार नको ताई. मुळशी-ताम्हिणीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तुमची दुसरी गाडी रस्त्यात अडकेल आणि पहिला थर आवळून जाईल. मंगळवार-बुधवार धरा, सकाळी सातला पहिली गाडी.

घरकुल
बुधवार केला. पंपवाल्यालाही कळवलं.